बदलून मिळेल, दुरुस्त होणार नाही

सांगलीला फोन केला की हवापाण्याच्या आणि पावसाच्या गप्पा झाल्यावर एकदा तरी विषय ‘सर्व्हिस’वर येतोच. कुणाचा तरी मिक्सर तीन आठवडे सर्व्हिस सेंटरला पडून असतो, कुणाला तरी "साहेब, पार्ट वरून येत नाहीये" असं उत्तर मिळालेलं असतं. (हे ‘वरून’ म्हणजे नक्की कुठून, हे आजवर कुणालाही कळलेलं नाही!) आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं. "तुमच्याकडे बरं आहे बाबा, वस्तू बिघडली की दुकानात नेऊन टाकायची आणि नवी घेऊन यायचं!"

पूर्वी मी ‘हो ना’ म्हणून सोडून द्यायचो. हल्ली तसं म्हणवत नाही. कारण मंडळी, वस्तू परत घेणं आणि वस्तू दुरुस्त करून देणं ही दोन अगदी वेगळी खाती आहेत. अमेरिकेला पहिलं फार छान जमतं. दुसऱ्याच्या नावाने बराच ठणठणाट आहे. हे मला नीट कळायला वीस-बावीस वर्षं आणि एक फ्रीज लागला.

आधी चांगलं सांगतो. ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचत लहानाचा मोठा झालेला माणूस मी. २००० साली इथे आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एक चादर मापाची निघाली नाही म्हणून परत द्यायला गेलो. बरोबर मित्र होता. त्याला वाटेत मी सांगत होतो की काय बोलायचं, कसं पटवायचं, वेळ पडली तर मॅनेजरला कसं बोलवायचं. काउंटरवरच्या बाईंनी पावती बघितली, चादर बाजूला टाकली आणि पैसे दिले. कारणही विचारलं नाही. मला तर थोडं चुकल्यासारखंच झालं... एवढी तयारी केली होती भांडणाची!

या औदार्याचा आपल्या देशी मंडळींनी (आणि अमेरिकनांनीसुद्धा, उगाच आपल्यालाच नावं कशाला) कसा उपयोग केला याच्या कथा इथे घरोघरी ऐकायला मिळतात. भारतवारीच्या आधी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा, सगळी लग्नं-मुंजी त्यावर टिपायच्या आणि आल्यावर तो परत करायचा. सुपर बोलच्या आधी भला मोठा टीव्ही आणायचा आणि सामना झाला की सोमवारी दुकानात. शेवटी दुकानंही शहाणी झाली. इलेक्ट्रॉनिक्सची मुदत बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांवर आली. काही दुकानं परत देणाऱ्याचं लायसन्स मागून त्याच्या फेऱ्यांचा हिशोब संगणकात ठेवू लागली. एल. एल. बीन नावाची मेन राज्यातली प्रसिद्ध कंपनी वर्षानुवर्षे आपला माल केव्हाही परत घ्यायची. लोक भंगारबाजारातून उचललेले जुने बूटही आणून देऊ लागले, तेव्हा २०१८ साली तिने ही मुदत एका वर्षावर आणली. असो.

दुरुस्तीचा पहिला अनुभव २००२ चा. प्रिंटर बिघडला. वॉरंटीत होता. फोन केला, त्या माणसाने दोन-तीन बटणं दाबायला सांगितली, मग म्हणाला, नवीन पाठवतो. चार दिवसांत खोकं दारात. जुन्याचं काय करू विचारलं तर म्हणाला, "टाकून द्या." मी म्हटलं, आतला एखादा छोटासा चाक-पट्टा निसटला असेल, बाकी ठणठणीत आहे. तो पुन्हा तेवढ्याच प्रेमाने म्हणाला, "हो, पण टाकून द्या." त्याचंही बरोबर होतं. परत मागवायचं पोस्टेज आणि उघडून बघणाऱ्याची तासाची मजुरी मिळून प्रिंटरच्या किमतीपेक्षा जास्त झाली असती. तेव्हा मला वाटलं, काय ही श्रीमंती! तो प्रिंटर मी तीन वर्षं तळघरात ठेवला होता. टाकवेना. मराठी माणूस...

म्हणजे काउंटरवरच्या बाई चादर हसत घेतात ते त्यांच्या हातात तेवढा अधिकार दिलाय म्हणून. परत आलेला बराचसा माल कुणी तपासतही नाही, पॅलेटवर रचून घाऊक लिलावात जातो. या सगळ्या साखळीत वस्तू उघडून बघणारा माणूस कुठेच नाही. जोवर वस्तू प्रिंटरएवढी असते तोवर हे लक्षात येत नाही. वस्तू दोन हजार डॉलरची आणि दीडशे किलोची असली, की मग येतं.

आता थोडं वॉरंटीच्या कागदाबद्दल. तो कुणी वाचत नाही, पण मला वाचायची खोड आहे. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट नावाचा कायदा झाला. कंपनीने वॉरंटी द्यायलाच हवी असं तो म्हणत नाही. दिलीच तर ती साध्या भाषेत लिहा आणि वरती ‘फुल’ की ‘लिमिटेड’ ते स्पष्ट छापा, असं म्हणतो. गेल्या वीस वर्षांत माझ्या घरात आलेल्या एकाही वस्तूवर मी ‘फुल’ वाचलेलं नाही. सगळीकडे लिमिटेड. आपल्याकडे नाही का, ‘अमुक तमुक सहकारी पतसंस्था मर्यादित’... तसं. नावातच सांगून ठेवलेलं!

या लिमिटेडची गंमत फ्रीजच्या कागदावर सगळ्यात चांगली दिसते. माझ्या फ्रीजच्या दारावर मोठा स्टिकर होता, ‘कॉम्प्रेसरवर १० वर्षं वॉरंटी’. आतल्या कागदावर बारीक अक्षरात : पहिलं वर्ष सुटे भाग आणि मजुरी, दुसऱ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत फक्त कॉम्प्रेसर हा भाग, मजुरी ग्राहकाची. आता कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे गॅस काढून घेणं, नळ्या कापणं, नवा बसवून डाग देणं, व्हॅक्यूम करणं, परत गॅस भरणं. मजुरीच सहाशे ते आठशे डॉलर. फुकट मिळणारा घोडा आणि लगाम सोन्याचा!

तर २०२२ चा जुलै. आम्ही मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या एका उपनगरात राहतो. कोव्हिडमुळे दोन वर्षं रखडलेली आई-बाबांची फेरी त्या उन्हाळ्यात झाली. बाबा सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगणारी पिढी. एका रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बाबा स्वयंपाकघरात उभे राहून कान देऊन काहीतरी ऐकत होते. मला म्हणाले, "अरे, तुझा फ्रीज उचक्या देतोय."

खरंच देत होता. टिक्... गुंईंईं... टिक्. मग चार-पाच मिनिटं शांतता. पुन्हा टिक्. चौदा महिन्यांपूर्वी २३०० डॉलरला घेतलेला, फ्रेंच डोअर, वाय-फाय असलेला फ्रीज. तापमान वाढल्याचा निरोप त्याने इमाने इतबारे माझ्या मोबाइलवर पाठवला. बाबांच्या निदानानंतर वीस मिनिटांनी.

दूध, भाजी, आईने केलेली पुरणाची डबी, हे सगळं गेलं तरी चालेल. पण वरच्या कप्प्यात बाबांचं इन्सुलिन होतं. चार महिन्यांचा साठा, सांगलीहून थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या घालून आणलेला. चालू असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे बाहेर राहिलेलं चालतं, पण न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावं लागतं. बाहेर रात्रीसुद्धा घाम फुटत होता. आणि अमेरिकेत इन्सुलिन विकत घ्यायचं म्हणजे त्या वेळी एका बाटलीची छापील किंमत २५०-३०० डॉलरच्या घरात. पाहुण्यांचा जो विमा काढतो त्यात जुन्या आजारांना सहसा जागा नसते. याच राज्यात २०१७ साली ॲलेक स्मिथ नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा इन्सुलिन परवडेना म्हणून पुरवून पुरवून वापरत होता आणि त्यात गेला. त्याच्या नावाने २०२० मध्ये मिनेसोटाने इन्सुलिन परवडण्यासाठीचा कायदा केला. हे सगळं त्या क्षणी डोक्यात येऊन गेलं. बाबांना अर्थात काही बोललो नाही.

इथल्या लोकांच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रीज असतो, बिअर ठेवायला. आमच्या शेजारच्या आजोबांकडेही आहे. १९८४ सालचा, बदामी रंगाचा. साडेनऊ वाजता दार वाजवलं. त्यांनी एका शब्दाने काही न विचारता फ्रीजमधला एक अख्खा कप्पा रिकामा करून दिला. इन्सुलिनचा डबा ठेवला. खालच्या कप्प्यात बिअर आणि शेजारी एक प्लास्टिकचा डबा. आईने विचारलं त्यात काय आहे. आजोबा उत्साहाने झाकण उघडून म्हणाले, गांडुळं. मासेमारीची! आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येऊन म्हणाली, "औषधाच्या शेजारी गांडुळं?" बाबा म्हणाले, "डब्यात आहेत ना? मग त्यांना कशाला त्रास देतेस!"

सोमवारी सकाळी कंपनीला फोन. इंग्रजीसाठी एक दाबा, फ्रीजसाठी चार दाबा, तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. बावन्न मिनिटं महत्त्वाचा होता. मग एक मुलगी आली, बोलण्यातून कळलं की मनिलाहून बोलतेय. इथल्या कॉल सेंटरच्या बोलण्याचा एक साचा आहे. तुम्ही काहीही सांगा, आधी दिलगिरी, मग ‘तुमचा मनस्ताप मी पूर्णपणे समजू शकते’, मग तुम्ही सांगितलेलंच परत सांगायचं. या सगळ्यात आवाज एकदाही चढत नाही. आपल्याकडचा दुकानदार निदान खेकसतो तरी, त्याच्यावर आपल्यालाही खेकसता येतं. इथे कापसावर बुक्क्या मारायच्या.

तिने सांगितलं ते असं : लक्षणांवरून कॉम्प्रेसर दिसतोय. भाग वॉरंटीत आहे, मजुरी नाही. तपासायला माणूस नऊ दिवसांनी येईल, तपासणीचे ११० डॉलर. कॉम्प्रेसर सध्या उपलब्ध नाही, पाच ते सहा आठवडे लागतील. (कोव्हिडनंतर सगळ्याच सुट्या भागांची बोंब होती. म्हणजे ‘पार्ट वरून येत नाहीये’ हे इथेही सुरू झालं होतं, फक्त इंग्रजीत.) मी इन्सुलिनचं सांगितलं. पलीकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग ती साच्याबाहेरचं पहिलं वाक्य बोलली, "सर, माझी आईपण घेते." मला होल्डवर टाकून कुठे तरी जाऊन आली आणि नऊ दिवसांचे सहा करून आणले. शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही बर्फाच्या पेटीत ठेवणार असाल तर ते गोठू देऊ नका, गोठलं की वाया जातं." हे तिच्या समोरच्या पडद्यावर नक्कीच लिहिलेलं नव्हतं. आणि लगेच साच्यात परत जाऊन, "कृपया मागचं झाकण उघडू नका, वॉरंटी रद्द होऊ शकते."

दूध-भाजीसाठी त्याच दिवशी एक लहान फ्रीज आणला, कॉलेजची मुलं खोलीत ठेवतात तसला, १४० डॉलरचा. त्यात इन्सुलिन ठेवायचा धीर झाला नाही, असल्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ वस्तू सहज गोठते. म्हणून बाबा रोज सकाळ-संध्याकाळ शेजारी जायचे, डबा ठीक आहे ना बघायला. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी तासभर. शेजारचे आजोबा गॅरेजचं दार उघडं टाकून खुर्चीवर बसलेले असतात, बाबांना दुसरी खुर्ची मिळाली. बाबांचं इंग्रजी एसटीच्या पार्ट्सच्या यादीपुरतं, पण गॅस्केट, रिले, बेअरिंग, बुश एवढ्या शब्दांवर दोन म्हाताऱ्यांचं सुरेख चाललं होतं. त्या १९८४ च्या फ्रीजचं दाराचं रबर आजोबांनी दोनदा बदललं होतं, थर्मोस्टॅट एकदा.

बाबांना एक कोडं मात्र सुटत नव्हतं. "मेकॅनिक नाही म्हणजे काय? गावात फ्रीज आहेत आणि मेकॅनिक नाही?"

"आहेत बाबा, पण कमी आहेत. आणि कंपनीचाच लागतो."

"का?"

सांगलीच्या आमच्या घरात १९८८ चा १६५ लिटरचा फ्रीज आहे. त्याचा कॉम्प्रेसर एकदा बदललाय, गॅस तीनदा भरलाय, रंग दोनदा दिलाय. गावभागातून मेकॅनिक लूनावर यायचा, हत्यारांची पिशवी हँडलला अडकवून. चहा घेईपर्यंत काम व्हायचं. त्याच्याकडे वॉरंटी मागितली असती तर तो हसला असता. "परत बिघडला तर येतो की काका," हीच वॉरंटी. मी बाबांना समजावलं की इथे गॅसच्या नळीला हात लावायचा तर क्लीन एअर ॲक्टखाली प्रमाणपत्र लागतं, ओझोनच्या भानगडीमुळे, आणि ते योग्यही आहे. बाबांना तेही पटलं. म्हणाले, "गॅसला कोण हात लावतंय? मी नुसता रिले बघतो म्हणतोय. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय. उठवणाऱ्याचाच घोळ असेल."

आणि ग्राहक पंचायत? हा त्यांचा पुढचा प्रश्न. आमच्या बाबांच्या पिढीला बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या त्या चळवळीचं भारी कौतुक. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा चळवळींचा मोठा रेटा होता. आता त्या जागी २०१९ चा नवा कायदा आलाय, पण वकील न लावता सामान्य माणसाला जिल्हा पातळीवर दाद मागता येते ही त्यातली मूळ गोष्ट कायम आहे. (तारखा किती पडतात ते मला सांगू नका, मला माहीत आहे.) इथे काय? इथे छोट्या दाव्यांचं कोर्ट आहे, तिथेही वकील लागत नाही. पण माझ्या फ्रीजच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर होतं की खोकं उघडून वस्तू वापरलीत याचाच अर्थ तुम्ही लवादाला मान्यता दिलीत, आणि इतर ग्राहकांबरोबर मिळून एकत्र दावा लावण्याचा हक्क सोडलात. असली कलमं इथे राजरोस चालतात. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ती उचलून धरली, तेही ‘फुकट’ म्हणून विकलेल्या मोबाइलवर घेतलेल्या तीस डॉलरच्या विक्रीकराच्या भांडणात. तीस डॉलरसाठी एकटा माणूस लवादाकडे कशाला जाईल? हजारो लोक मिळून गेले तरच कंपनी दबते, आणि नेमकं तेच दार बंद. बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे खोकं उघडायच्या आधी पुस्तक वाचायचं, आणि पुस्तक खोक्यात!"

मंगळवारी रात्री मी तो १९७५ चा कायदा काढून बसलो. त्यात आहे की अमुकच कंपनीचा भाग वापरा, अमक्याकडूनच दुरुस्त करा, नाहीतर वॉरंटी जाईल, अशी अट कंपनीला साधारणपणे घालता येत नाही, तो भाग किंवा ती सेवा फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या खटपटीमुळेच नुकसान झालं तर तेवढं ती नाकारू शकते. ‘हे सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ असले स्टिकर लावणाऱ्या सहा बड्या कंपन्यांना फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये ताकीदपत्रं धाडली होती. वस्तू होत्या मोटारी, मोबाइल, व्हिडिओ गेम. पण कायदा फ्रीजलाही तोच. म्हणजे मागचं पत्र्याचं झाकण उघडून बघायला माझी हरकत असण्याचं कारण उरलं नाही. तरी मन धजत नव्हतं. २३०० डॉलर, आणि कॉम्प्रेसर नऊ वर्षं वॉरंटीत. बायको म्हणाली, "चाळीस वर्षं त्यांनी गाड्या उघडल्यात. तू सॉफ्टवेअरवाला. तू बाजूला उभा राहा."

मी बाजूला उभा राहिलो. बुधवारी सकाळी बाबा आणि शेजारचे आजोबा, दोघांनी मिळून फ्रीज भिंतीपासून ओढला. प्लग काढला. आठ स्क्रू. आजोबांनी प्रत्येक स्क्रू मफिनच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवला, ते बघून बाबा खूश. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते म्हणून आधी तो उतरवला. मग कॉम्प्रेसरच्या कडेला खोचलेला काडेपेटीएवढा काळा रिले ओढून बाहेर काढला आणि बाबांनी तो कानाशी धरून हलवला. खुळखुळा! आतली चकती फुटून तुकडे झाले होते. बाबांनी तो माझ्या कानाशी धरला, मग आईच्या, मग शेजारच्या आजोबांच्या. दिवाळीतल्या फटाक्यासारखे सगळ्यांना दाखवत होते.

सेंट पॉलमध्ये सुट्या भागांचं एक जुनं दुकान आजोबांना माहीत होतं. दुपारी आम्ही तिघे गेलो. काउंटरवरच्या माणसाने रिले बघितला, हलवला (सगळे हलवतात वाटतं), आणि कुठल्याही कंपनीला चालणारा एक रिले-कपॅसिटरचा जोड काढून दिला. २८ डॉलर. घरी येऊन बसवला. प्लग लावला. टिक्... आणि मग तो हलका, सलग, एकसुरी आवाज. कुणीच काही बोललं नाही बराच वेळ. सगळे नुसते ऐकत उभे.

शनिवारी ठरल्याप्रमाणे कंपनीचा माणूस आला. बाबांनीच सांगितलं होतं की बोलावणं रद्द करू नको, प्रमाणपत्रवाल्याच्या नजरेखालून जाऊ दे. साठीच्या पुढचा, गुडघे धरून बसणारा तंत्रज्ञ. त्याने वायरीला मीटर लावून करंट बघितला, कॉम्प्रेसर उत्तम आहे म्हणाला. मग चहा घेताना बोलता झाला. तो कंपनीचा नोकर नाही, कंत्राटावर आहे. कॉम्प्रेसर बदलायला अर्धा दिवस लागतो, पण वॉरंटीतल्या कामाचे कंपनी ठरावीक पैसे देते आणि त्यात त्याला परवडत नाही, म्हणून त्याच्या ओळखीतले बरेच जण वॉरंटीची कामं घेतच नाहीत. मुलगा या धंद्यात आला नाही, शिकायला कुणी येत नाही. "ही सगळी गिऱ्हाइकं मी गेल्यावर नवीन फ्रीज घेणार," असं अगदी सहज म्हणाला. पावतीवर लिहिलं, ‘दोष आढळला नाही’, ११० डॉलर. मी ते देताना कुरकुरलो नाही. बाबांना मात्र दोष आढळला नाही हे फार लागलं. खुळखुळा त्याच्यासमोर नाचवत म्हणाले, "धिस इज दोष!"

मे २०२३ मध्ये मिनेसोटाने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, जुलै २०२४ पासून तो लागू झाला. न्यूयॉर्कने २०२२ च्या अखेरीला केला होता, पण तो मोबाइल-लॅपटॉपसारख्या वस्तूंपुरता. मिनेसोटाचा घरगुती उपकरणांनाही लागू आहे. कंपनीने सुटे भाग, हत्यारं आणि माहिती ग्राहकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही रास्त अटींवर द्यायची, असं त्यात आहे. चांगलंच झालं. पण कायद्याने पुस्तिका मिळेल, रिले मिळेल. तो कानाशी धरून हलवणारा कुठून आणणार?

तो १४० डॉलरचा छोटा फ्रीज राहिला. नव्वद दिवसांत परत घेतात, पावती होती, खोकंही होतं. मी गाडीत टाकायला निघालो तर बाबा म्हणाले, "बिघडलाय का?" म्हटलं नाही. "मग? चार दिवस त्यात आपलं दूध-भाजी ठेवली. उष्टा फ्रीज परत द्यायचा?" मी म्हटलं इथे सगळे देतात. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. फ्रीज तळघरात आहे. आंब्याच्या रसाचे डबे फोडले की उरलेला रस त्यात जातो.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. फुटका रिले त्यांनी बॅगेत घालून नेला, गावभागातल्या मेकॅनिकला दाखवायला. शेजारचे आजोबा अजून विचारतात, तुझे वडील परत कधी येणार. त्यांच्या फ्रीजमधला तो कप्पा बरेच दिवस रिकामाच होता.

कंपनीकडून दोन दिवसांनी एक ईमेल आली होती, आमची सेवा कशी वाटली, एक ते दहा गुण द्या. दोन प्रश्न होते. पहिला, तुमचा प्रश्न सुटला का? दुसरा, तुमच्याशी बोललेल्या प्रतिनिधीला किती गुण द्याल? कमी गुण पडले तर तिकडे मनिलात कुणाचा पगार कापला जातो ते मला ऐकून माहीत आहे. पहिला मी कोरा सोडायला गेलो तर पान पुढे सरकेना. तिथे ‘हो’ टाकलं, कुणी सोडवला हे विचारलेलं नव्हतं. दुसऱ्याला दहापैकी दहा दिले, आणि खाली शेऱ्यात लिहिलं की इन्सुलिन गोठलं नाही, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.